दिवा मागच्यासाठी : वाहनांचे सूचक दिवे आणि एलईडी

पुणे शहर एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. मागील मडगार्डवर तांबडी काच आणि पुढे डायनामोवर चालणारा मिणमिणता दिवा, एवढाच त्या काळच्या पुणेकराच्या वाहनाचा प्रकाशसंसार होता. पुढे आकुर्डीला स्कूटर तयार होऊ लागल्या. १९७२ मध्ये बजाजची ‘चेतक’ रस्त्यावर आली आणि पाहता पाहता सायकलींची जागा स्वयंचलित दुचाकींनी घेतली. आज याच परिसरात पिंपरी, चिंचवड, चाकण अशी वाहन-उद्योगाची मोठी साखळी उभी आहे. जानेवारी २०२० मध्ये ‘चेतक’ हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरच्या रूपाने परत आले, तेव्हा तिचे सगळे दिवे एलईडीचे होते. पन्नास वर्षांत वाहन बदलले, इंधन बदलले आणि त्यासोबत दिवाही बदलला.

नव्या वाहनांचे दिवे कारखान्यातच एलईडीचे होऊन येतात. त्यांचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो घरोघरी उभ्या असलेल्या जुन्या वाहनांचा. आपल्याही स्कूटरला, मोटारसायकलला किंवा मोटारीला तसे झळाळणारे दिवे असावेत, असे वाहनधारकास वाटणे स्वाभाविक आहे. वाहनांच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या नाना पेठेत गेल्यास जुन्या बल्बच्या होल्डरमध्ये थेट बसतील असे एलईडी बल्ब सहज मिळतात. जुना बल्ब फिरवून काढावा, नवा बसवावा, काम संपले, इतके ते सोपे वाटते.

तथापि, पावसाळ्यातील एखाद्या सायंकाळी सिंहगड रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहून पाहावे. एखाद्या वाहनाचा वळणाचा दिवा इतका घाईने उघडझाप करीत असतो की तो बिघडला आहे की वळण दाखवीत आहे, हे कळत नाही. दुसऱ्याचा मागील दिवा तांबड्याऐवजी गुलाबी दिसतो. तिसऱ्याचा इतका प्रखर असतो की मागचा स्कूटरस्वार डोळ्यांवर हात धरतो, आणि चौथ्याने ब्रेक दाबला की नाही याचा उलगडा तो अगदी जवळ येईपर्यंत होत नाही. यांपैकी अनेक वाहनधारकांनी चांगल्या हेतूने आणि पैसे खर्चून हा बदल केलेला असतो. मग चूक कोठे होते? ते समजून घेण्यासाठी हे दिवे कोणासाठी असतात, येथून सुरुवात करावयास हवी.

दिव्यांची भाषा

वाहनाचा पुढचा मोठा दिवा चालकाला रस्ता दाखवितो. मागील व बाजूच्या दिव्यांचे काम निराळे आहे. ते चालकाला काहीच दाखवीत नाहीत. किंबहुना वाहन चालवीत असताना चालकाला स्वतःचा मागील दिवा दिसतही नाही. हे दिवे इतरांशी बोलण्यासाठी असतात. मंद तांबडा दिवा म्हणतो, ‘मी येथे आहे.’ तोच दिवा एकदम तेजाळला की म्हणतो, ‘मी वेग कमी करीत आहे, सांभाळा.’ पिवळसर नारिंगी दिवा उघडझाप करू लागला की म्हणतो, ‘मी या बाजूला वळणार आहे.’

या भाषेत शब्द मोजकेच आहेत. ते चार गोष्टींवर उभे आहेत : रंग, तेज, दिशा आणि ठेका. यांपैकी एकही बिघडली, तर वाक्याचा अर्थ बदलतो. आणि तो चुकीचा अर्थ ऐकणारा मनुष्य काही मीटर अंतरावर, ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने आपल्या मागून येत असतो.

म्हणूनच ही भाषा प्रत्येकाच्या आवडीवर सोडलेली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ प्रमाणे वळण दर्शविणारा दिवा पिवळसर नारिंगी रंगाचाच असला पाहिजे आणि त्याची उघडझाप मिनिटाला ६० पेक्षा कमी व १२० पेक्षा अधिक होता कामा नये. नियम १०८ प्रमाणे वाहनाच्या पुढील बाजूस तांबडा प्रकाश दाखविता येत नाही. आणि मागील बाजूस, वळणाचा दिवा, क्रमांक-पट्टीवरचा दिवा व मागे घेतानाचा पांढरा दिवा यांसारखे ठरावीक अपवाद सोडल्यास, तांबड्याखेरीज अन्य रंग चालत नाही. निळे, जांभळे किंवा क्षणाक्षणाला रंग बदलणारे दिवे मागे लावणे हा हौसेचा विषय नसून नियमभंग आहे.

तेजाच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय नियमावलीतील आकडे पुष्कळ काही सांगून जातात. प्रकाशाची तीव्रता ‘कँडेला’ या एककात मोजतात. एक कँडेला म्हणजे ढोबळमानाने एका मेणबत्तीचा उजेड. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमावलीत सरळ मागच्या दिशेने मोटारीच्या मागील दिव्याची तीव्रता किमान ४ कँडेला आणि ब्रेकच्या दिव्याची किमान ६० कँडेला ठरविलेली आहे. म्हणजे ‘मी येथे आहे’ हे सांगण्यास चार मेणबत्त्या पुरतात. ‘मी थांबतो आहे’ हे सांगण्यास मात्र साठ लागतात. या दोहोंमधील अंतर हाच खरा संदेश होय. शिवाय केवळ किमान मर्यादा नाही, कमालही आहे. दिवा अती तेजस्वी असणे हादेखील दोषच मानला जातो.

तारेचा बल्ब आणि एलईडी

जुना बल्ब कसा काम करतो, हे सर्वांना परिचित आहे. काचेच्या आत टंगस्टनची बारीक तार असते. वीज तिच्यातून गेली की ती तापून पांढरीशुभ्र होते आणि प्रकाश देते. यात विजेचा बहुतांश भाग उष्णतेत जातो; प्रकाशाच्या वाट्याला फार थोडा येतो. खड्ड्यांतील हादऱ्यांनी ती तार तुटते आणि आपण म्हणतो, ‘बल्ब उडाला.’

एलईडी म्हणजे प्रकाश देणारा डायोड. यात तापणारी तार नसते. अर्धवाहक पदार्थाच्या इवल्याशा तुकड्यातून एका ठरावीक दिशेने वीज गेली की त्यातून थेट प्रकाश बाहेर पडतो. डोळ्यांना दिसेल असा तांबडा एलईडी अमेरिकेत निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केला. तेजस्वी निळ्या एलईडीसाठी मात्र १९९० च्या दशकापर्यंत थांबावे लागले. निळा साधल्यानंतरच पांढरा एलईडी शक्य झाला आणि त्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या इतिहासामुळेच वाहनांवर एलईडीने पहिले पाऊल टाकले ते मागच्या बाजूने. पांढरा प्रकाश येण्यापूर्वीच तांबडा एलईडी ब्रेकच्या दिव्यासाठी उपलब्ध होता.

एलईडीचे फायदे खरे आहेत, यात शंका नाही. मोटारीच्या वळणाच्या दिव्यात सामान्यतः २१ वॅटचा बल्ब असतो. तेवढेच काम एलईडी काही थोड्या वॅटमध्ये करू शकतो. तो दीर्घकाळ टिकतो. तुटणारी तार नसल्यामुळे हादऱ्यांना दाद देत नाही. ज्या दुचाकींची विद्युतयंत्रणा दुबळी असते, तेथे वाचलेली वीज बॅटरीच्या कामी येते.

सर्वांत महत्त्वाचा लाभ वेळेचा आहे. ब्रेक दाबल्यानंतर तारेच्या बल्बला तापून पूर्ण प्रकाश देण्यास सुमारे एक-पंचमांश सेकंद लागतो. एलईडीला तो वेळ जवळजवळ लागतच नाही. एक-पंचमांश सेकंद म्हणजे डोळ्याचे पाते लवण्याइतका काळ. परंतु ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे मागचे वाहन तेवढ्यात तीन मीटरहून अधिक पुढे येते. ताशी १०० किलोमीटर वेग असेल, तर हे अंतर साडेपाच मीटर होते. पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर किंवा कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरणाऱ्या उतारावर या साडेपाच मीटरांचे मोल काय आहे, हे वेगळे सांगावयास नको.

असा लाभ असताना हा बदल करू नये असे कोण म्हणेल? मात्र हा लाभ पदरात पडतो तो दिव्याची भाषा जशीच्या तशी राहिली तरच. जुन्या दिव्याच्या घरात नवा बल्ब बसविताना तीच नेमकी बिघडण्याचा संभव असतो.

ठेका का बिघडतो?

वळणाचा दिवा उघडझाप करतो तो ‘फ्लॅशर’ नावाच्या एका लहानशा डबीमुळे. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये विजेने तापणारी धातूची पट्टी असते. ती तापली की वाकते आणि मंडल तोडते. निवली की सरळ होऊन पुन्हा जोडते. ही पट्टी बल्बमधून जाणाऱ्या विजेच्या प्रमाणावर बेतलेली असते. एका बाजूच्या २१ वॅटच्या दोन बल्बना १२ व्होल्टवर सुमारे साडेतीन अँपिअर वीज लागते. त्यांच्या जागी तीन-तीन वॅटचे एलईडी बसविले, तर ती अर्ध्या अँपिअरवर येते. एवढ्याशा विजेने पट्टी पुरेशी तापतच नाही. दिवा नुसता लागून राहतो किंवा रेंगाळत उघडझाप करतो.

नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरची तऱ्हा उलटी आहे. बल्ब उडाला तर चालकाला कळावे, म्हणून त्यात एक सोय केलेली असते. वीज कमी जात आहे असे आढळताच तो ठेका जवळजवळ दुप्पट करतो. एलईडी मुळातच कमी वीज घेत असल्यामुळे फ्लॅशरची समजूत होते की बल्ब उडाला आहे, आणि दिवा घाईघाईने लुकलुकू लागतो. हा वेग बहुधा मिनिटाला १२० ची मर्यादा ओलांडतो.

यावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला, एलईडीसाठी बनविलेला फ्लॅशर बसविणे. जेथे फ्लॅशर सुटा काढता येतो, तेथे हाच उपाय श्रेयस्कर होय. दुसरा उपाय म्हणजे एलईडीच्या जोडीला रोधक, म्हणजे ‘रेझिस्टर’, लावून जुन्या बल्बइतकी वीज मुद्दाम खर्च करणे. येथे एक गंमत ध्यानात घ्यावी. नेहमी वापरला जाणारा सहा ओहमचा रोधक १२ व्होल्टवर २४ वॅट वीज खातो, म्हणजे काढून टाकलेल्या बल्बपेक्षाही अधिक. वीजबचत तर होत नाहीच, उलट तो रोधक हात भाजेल इतका तापतो. तो प्लॅस्टिकच्या आवरणावर किंवा तारांच्या जुडग्यावर बांधून ठेवणे धोक्याचे आहे. लावणे अपरिहार्यच असेल, तर तो वाहनाच्या उघड्या धातूच्या भागावर पक्का बसविला पाहिजे.

अनेक नव्या मोटारींत सुटा फ्लॅशर नसतोच. हे काम वाहनातील संगणकीय यंत्रणा करते आणि बल्बवर लक्षही ठेवते. अशा वाहनात बाहेरचा बल्ब बसविल्यास समोरच्या फलकावर बिघाडाची सूचना येत राहते. तेथे वाहन-उत्पादकाच्या अधिकृत केंद्राच्या सल्ल्याखेरीज हात घालू नये, हेच बरे.

मोटारसायकलधारकांना आणखी एक अनुभव येतो. बल्ब बदलल्यावर डावीकडचा खटका दाबला तरी चारही दिवे एकदम उघडझाप करू लागतात. याचे कारण समोरच्या फलकावरील खुणेचा दिवा. पुष्कळ जुन्या मोटारसायकलींत दोन्ही बाजूंसाठी खुणेचा एकच लहान बल्ब असतो. त्याचे एक टोक डाव्या दिव्यांच्या तारेला व दुसरे उजव्या दिव्यांच्या तारेला जोडलेले असते. डावा दिवा लागला की या बल्बमधून थोडी वीज उजव्या बाजूला जाते. तारेचे बल्ब तेवढ्याने पेटत नाहीत. अल्पसंतुष्ट एलईडी मात्र पेटतात. खुणेच्या दिव्याला दोन डायोड लावून त्याचे दुसरे टोक अर्थिंगला जोडले की हा दोष जातो. जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनला हे काम नवे नाही.

फार जुन्या स्कूटर बाळगणाऱ्या हौशी मंडळींनी तर विशेष जपावे. त्यांतील अनेकांत दिव्यांना वीज बॅटरीतून न मिळता थेट इंजिनावरील मॅग्नेटोकडून मिळते. ही वीज प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा पालटणारी असते आणि इंजिनाच्या वेगाप्रमाणे कमीजास्त होते. एलईडी एकाच दिशेच्या विजेवर चालतो. योग्य सुधारणा न करता तो बसविल्यास दिवा लुकलुकतो किंवा लवकर निकामी होतो.

रंग, दिशा आणि तेज

दुसरी चूक रंगाची. ‘काच तांबडीच आहे, मग आत पांढरा एलईडी टाकला तर काय बिघडले?’ असा प्रश्न विचारला जातो. तारेच्या बल्बच्या प्रकाशात तांबड्या रंगाचा अंश विपुल असतो. तांबड्या काचेतून तो भरपूर बाहेर येतो. पांढरा एलईडी हा वस्तुतः निळा एलईडी असून त्यावरील पिवळसर लेपामुळे तो पांढरा भासतो. त्याच्या प्रकाशात तांबडा अंश थोडा असतो. काच उरलेला प्रकाश अडविते. परिणामी दिवा मंदही होतो आणि त्याचा रंग गुलाबीकडे झुकतो. यास्तव तांबड्या काचेमागे तांबडा आणि नारिंगी काचेमागे नारिंगी एलईडीच हवा. वळणाच्या दिव्याची काच पांढरी असेल, तर आतील एलईडी नारिंगीच असला पाहिजे.

तिसरी चूक डोळ्यांना सहज दिसत नाही, म्हणून अधिक फसवी. दिव्याच्या घरातील चकचकीत वाटी, म्हणजे परावर्तक, तारेच्या बल्बचा विचार करून घडविलेली असते. बल्बची तार जेथे असते, नेमक्या त्या बिंदूतून सर्व बाजूंना प्रकाश फाकेल आणि वाटी तो ठरल्या दिशांना पाठवील, अशी ही योजना असते. एलईडी बल्बचे ठिपके त्या बिंदूवर नसतात आणि त्यांचा प्रकाश बहुधा एकाच बाजूस जातो. मग दिवा सरळ मागून पाहिला तर झगझगीत दिसतो आणि तिरपे पाहिले तर जवळजवळ विझलेला. आंतरराष्ट्रीय नियमावलीत मोटारीचा मागील वळणाचा दिवा बाहेरच्या बाजूने ८० अंशांपर्यंतच्या कोनातून दिसला पाहिजे, अशी अपेक्षा आहे. ती निष्कारण नाही. लक्ष्मी रस्त्यासारख्या दाटीच्या रस्त्यावर आपल्या शेजारून, किंचित मागून येणारा सायकलस्वार किंवा रस्ता ओलांडू पाहणारी वृद्ध स्त्री आपला दिवा तिरपाच पाहत असते. तिला तो दिसला नाही, तर तिच्या दृष्टीने आपण वळणाची सूचना दिलेलीच नाही.

चौथी बाब तेजातील फरकाची. मागील दिवा व ब्रेकचा दिवा बहुधा एकाच बल्बमध्ये असतात. ५ वॅटची एक तार आणि २१ वॅटची दुसरी. हलक्या प्रतीच्या एलईडी बल्बमध्ये मागील दिवाच इतका तेजस्वी असतो की ब्रेक दाबल्यावर फारसा फरक जाणवत नाही. असा दिवा म्हणजे सतत ओरडणारा मनुष्य. खरे संकट आले तरी त्याच्या ओरडण्याकडे कोणी लक्ष देत नाही. एक-पंचमांश सेकंद वाचविण्यासाठी केलेला बदल अशा वेळी कित्येक सेकंद गमावून बसतो.

तपासणी आणि कायदा

दिव्याचा रंग, तेज व दिशा या गोष्टी नुसत्या नजरेने ठरत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळा लागते आणि या बाबतीत पुण्याचे स्थान देशात महत्त्वाचे आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘एआरएआय’, ही संस्था पुण्याच्या वेताळ टेकडीवर आहे. भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, तर अहिल्यानगरला संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना आहे. नव्या वाहनाच्या नमुन्याची तपासणी करून प्रमाणपत्र देण्यासाठी केंद्रीय नियम १२६ मध्ये ज्या संस्थांची नावे आहेत, त्यांत या तिन्ही संस्थांचा समावेश होतो.

प्रयोगशाळेत दिवा एका फिरत्या चौकटीवर बसवून निरनिराळ्या कोनांतून त्याची तीव्रता मोजतात; रंग ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही, हे उपकरणाने पाहतात. पाणी, धूळ, कंपने व उष्णता यांतही तो टिकतो का, याची परीक्षा होते. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. मान्यता मिळते ती संपूर्ण दिव्याला. म्हणजे काच, वाटी व त्यात बसणारा ठरावीक प्रकारचा बल्ब या सर्वांना मिळून. त्यातील बल्बची जातच बदलली की तपासलेला दिवा तो राहत नाही.

कायद्याची भूमिकाही याच तत्त्वावर उभी आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांवर निर्बंध घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या वाहनधारकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘एक बल्बच तर बदलला’ ही समजूत म्हणून पुरेशी नाही. बदल करण्यापूर्वी उत्पादकाच्या अधिकृत केंद्राकडे आणि शंका असल्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे विचारणा करणे हिताचे ठरते. अनेक वाहनांच्या नंतरच्या आवृत्तींत उत्पादकानेच एलईडीचा संपूर्ण दिवा दिलेला असतो. तो आपल्या वाहनासाठी मान्य असेल, तर सुट्या बल्बपेक्षा तोच स्वीकारणे अधिक चांगले.

उसाच्या ट्रॉलीचा दिवा

शहरातील वाहनधारकाचा प्रश्न दिवा अधिक चांगला करण्याचा असतो. ग्रामीण रस्त्यांवरचा प्रश्न दिवा असण्याचाच आहे. गळीत हंगामात बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर या तालुक्यांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रात्रंदिवस ये-जा असते. ट्रॉलीच्या मागील दिव्याचा बल्ब हादऱ्यांनी उडतो, तार ओढली जाऊन तुटते, होल्डर गंजतो; आणि दिवा शिल्लक असला तरी बाहेर आलेल्या उसाच्या वाढ्यांआड तो झाकला जातो. अंधारातून येणाऱ्या दुचाकीस्वाराला समोर ट्रॉली आहे हे कळते, तेव्हा थांबण्यास अंतर उरलेले नसते.

हादऱ्यांना न जुमानणारा, पाणी आत जाऊ न देणारा आणि अल्प विजेवर चालणारा एलईडीचा बंदिस्त दिवा खरोखर कोठे उपयोगी पडत असेल, तर तो येथे. मात्र तोही प्रमाणित असावा, उसाच्या बाहेर दिसेल अशा जागी बसवावा आणि त्याच्या जोडीला तांबड्या परावर्तक पट्ट्या असाव्यात. वीज खंडित झाली, तरी त्या पट्ट्या मागून येणाऱ्याच्या दिव्याने उजळतात. दिव्याचा खर्च ट्रॉलीच्या एका खेपेच्या मानाने किरकोळ आहे. त्यावाचून जे गमवावे लागते, ते मात्र भरून येणारे नाही.

वाहनधारकांनी काय करावे?

बदलाचा विचार करण्यापूर्वी आहे तो दिवा नीट पाहावा. काच धुळीने व उन्हाने अंधुक झाली आहे काय, वाटीचा मुलामा उडाला आहे काय, अर्थिंगची तार गंजली आहे काय, हे तपासावे. दिवा मंद असल्याची तक्रार पुष्कळदा एवढ्या दुरुस्तीनेच मिटते आणि खर्चही थोडका येतो.

नवा दिवा बसविल्यानंतर पुढील चाचण्या घरच्या घरी करता येतील :

१. घड्याळ समोर ठेवून वळणाच्या दिव्याची उघडझाप अर्धा मिनिट मोजावी. ती ३० ते ६० च्या दरम्यान असावी.

२. घरातील कोणास ब्रेक दाबण्यास सांगून आपण मागे पन्नास पावलांवर उभे राहावे. मागील दिवा चालू असताना ब्रेकचा फरक क्षणार्धात ओळखू आला पाहिजे. हीच चाचणी भर दुपारी, उन्हात पुन्हा करावी.

३. सरळ मागून पाहून झाल्यावर दोन्ही बाजूंना सरकत तिरपे पाहावे. दिवा कोठे दिसेनासा होतो, ते ध्यानात येईल.

४. रंग शेजारच्या, कारखान्यातून आलेल्या दिव्याशी ताडून पाहावा.

५. डावा, उजवा आणि धोक्याच्या वेळी एकदम लावावयाचे चारही दिवे स्वतंत्रपणे लावून पाहावेत. क्रमांक-पट्टीवरचा पांढरा दिवाही विसरू नये.

६. पहिल्या मोठ्या पावसानंतर काचेच्या आत पाणी किंवा बाष्प साचले आहे काय, हे पाहावे.

यांपैकी एका जरी चाचणीत दिवा उतरला नाही, तर काढलेला जुना बल्ब पुन्हा बसविण्यात कमीपणा मानू नये. म्हणून तो फेकून देऊ नये, गाडीच्या डिकीत जपून ठेवावा. ठराविक ठेक्याने उघडझाप करणारा साधा बल्ब हा चुकीचे बोलणाऱ्या नव्या दिव्यापेक्षा केव्हाही अधिक सुरक्षित असतो.

विज्ञानाने दिलेली नवी साधने स्वीकारण्यात महाराष्ट्र मागे राहिलेला नाही आणि पुणे तर या उद्योगाचे माहेरघरच आहे. या साधनांचा उपयोग शहाणपणाने करण्यातही आपण पुढे असावे. पुढचा दिवा आपल्या सोयीसाठी असतो. मागचा आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाच्या जीवासाठी. आज संध्याकाळी वाहन बाहेर काढण्यापूर्वी एकदा मागे जाऊन तो पाहावा, आणि त्या माणसाला काय दिसेल, हे त्याच्या जागी उभे राहून ठरवावे.